परतीचा सामना हवाच, काढायचा तर जादा वेळ काढा

मार्च 2025 मध्ये दक्षिण कोरियाच्या ग्वांगजू एफसी या फुटबॉल क्लबने आशियाई चॅम्पियन्स लीग एलिटच्या अंतिम 16 संघांच्या फेरीत जपानच्या व्हिसेल कोबेला बाहेर काढलं. कोबेतली पहिली लढत ग्वांगजूने 0-2 अशी गमावली होती. आठवड्याने घरच्या मैदानावर त्यांनी 90 मिनिटांत दोन्ही गोल फेडले आणि जादा वेळेत तिसरा मारला. महिना-दीड महिन्याने तोच संघ सौदी अरेबियातल्या जेद्दाहमध्ये रियाधच्या अल-हिलालसमोर उभा राहिला आणि 0-7 ने हरून घरी परतला. यावेळी परतीचा सामना नव्हता. उपांत्यपूर्व फेरीपासून पुढचं सगळं जेद्दाहमध्येच, आणि प्रत्येक फेरीत एकच सामना, असं आशियाई महासंघाने त्या हंगामापासून ठरवलं होतं.

सात गोल कुणी फेडत नाही, हे मान्य. परतीचा सामना असता तरी ग्वांगजू बाहेरच पडलं असतं. पण अल-हिलालला कोरियात यावं लागलं असतं. ग्वांगजूच्या लोकांना आपल्या संघाचा उपांत्यपूर्व सामना आपल्या शहरात, तिकीट काढून बघता आला असता. तो हक्क कुणी मैदानात हिरावला नाही, कागदावरच गेला.

खंडीय क्लब स्पर्धांची बाद फेरी कशी खेळवावी, यावर दोन पक्ष आहेत. एकाचं म्हणणं, दोन टप्प्यांच्या लढती जुनाट झाल्या. विश्वचषकासारखं एका ठिकाणी, एका सामन्यात निकाल लावा. दुसरा पक्ष घरी एक, बाहेर एक या पद्धतीचा. हा लेख दुसऱ्या पक्षाचा आहे, पण आहे ते सगळं जसंच्या तसं ठेवा असं मात्र त्याचं म्हणणं नाही. अवे गोलचा नियम, म्हणजे दोन सामन्यांत मिळून बरोबरी झाली की परक्या मैदानावर जास्त गोल केलेला संघ पुढे, गेला ते बरंच झालं. तो गेल्यावर जादा वेळेलाही, म्हणजे बरोबरीनंतर खेळवल्या जाणाऱ्या तीस मिनिटांनाही, निरोप द्यायला हवा होता. ते काम अर्धवट राहिलं.

आधी एका सामन्याच्या बाजूचा सगळ्यात बळकट पुरावा घेऊ. ऑगस्ट 2020 मध्ये कोविडमुळे युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, चॅम्पियन्स लीगचे शेवटचे आठ संघ लिस्बनला आणले आणि बेनफिका व स्पोर्टिंग यांच्या मैदानांवर रिकाम्या स्टँडसमोर एकेका सामन्यात निकाल लावले. फुटबॉल झकास झालं. लाइपझिगने अॅटलेटिको माद्रिदला 2-1 ने काढलं, लिऑंने मँचेस्टर सिटीला 3-1 ने, बायर्नने बार्सिलोनाला 8-2 असं धुतलं. उपांत्य फेरीत स्पेन आणि इंग्लंडचा एकही क्लब नव्हता. तेव्हापासून हे कायमचंच करावं अशी टूम अधूनमधून निघते. युएफाच्या अध्यक्षांनीही त्या वेळी या स्वरूपाबद्दल जाहीर उत्सुकता दाखवली होती.

एका सामन्यात लहान संघाला दणका देता येतो, दोन सामन्यांत मोठ्याची बाजू सावरते. हे खरं आहे आणि दोन टप्प्यांच्या समर्थकांनी ते लपवू नये. 180 मिनिटांत नशिबाचा वाटा कमी होतो, म्हणजेच धक्कादायक निकालही कमी होतात. पण लहान क्लबची खरी ताकद कुठे असते तेही बघा. नॉर्वेचा बोडो/ग्लिम्ट हा आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला असलेल्या गावाचा क्लब. मैदान जेमतेम आठ हजारांचं, हिरवळ कृत्रिम, एप्रिलमध्येही थंडी हाडात शिरणारी. एप्रिल 2025 मध्ये युरोपा लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत रोमचा लाझिओ तिथे आला आणि 0-2 ने हरला. हाच सामना एखाद्या उबदार शहरातल्या साठ हजारांच्या तटस्थ स्टेडियममध्ये खेळवला असता, तर बोडोच्या हातात काय उरलं असतं? 'तटस्थ' मैदान हे नेहमी मोठ्या क्लबच्या सवयीचं मैदान असतं. उत्तम गवत, मोठं शहर, मोठा विमानतळ, प्रचंड ड्रेसिंग रूम.

शिवाय ते तटस्थ तरी असतं का? जेद्दाहचंच बघा. 2025 ची अंतिम फेरी अल-अहलीने जिंकली आणि अल-अहली हा जेद्दाहचाच क्लब. उपांत्यपूर्व, उपांत्य, अंतिम असे तिन्ही सामने त्यांनी आपल्याच शहरात, आपल्याच प्रेक्षकांसमोर खेळले. अंतिम फेरीत समोर आलेल्या जपानच्या कावासाकी फ्रोंतालेचा कार्यक्रम असा: 27 एप्रिलला अल-साद विरुद्ध जादा वेळेपर्यंत 120 मिनिटं, 30 एप्रिलला अल-नस्रला 3-2 ने हरवलं, 3 मेला अंतिम सामना. अल-अहलीचे सामने 26 आणि 29 एप्रिलला संपले होते, दोन्ही 90 मिनिटांत. कावासाकी 0-2 ने हरली. अल-अहली त्या वर्षी उत्तम खेळत होती, विजेतेपद तिच्याकडून हिसकावून घ्यावं असं काही नाही. पण या मांडणीला तटस्थ म्हणणं म्हणजे शब्दाची थट्टा आहे.

प्रवासाचं कारण पुढे केलं जातं आणि आशियात ते वाटतं तितकं पोकळ नाही. रियाध ते टोकियो हे अंतर आठ-नऊ हजार किलोमीटरचं. पण जुन्या पद्धतीत त्यावर साधा तोडगा होता: पश्चिम आणि पूर्व हे दोन विभाग अंतिम फेरीपर्यंत वेगळे ठेवायचे. सौदी, कतारी, अमिराती, इराणी क्लब आपसात खेळायचे, तर जपानी, कोरियन, चिनी, थाई क्लब आपसात. लांबचं विमान फक्त अंतिम फेरीच्या दोन क्लबांना, तेही एकेकदा. नव्या पद्धतीत उपांत्यपूर्व फेरीतच पूर्व आणि पश्चिम एकत्र केले आणि पूर्वेच्या चारही क्लबांना जेद्दाहपर्यंत उडवलं. म्हणजे प्रवास वाचलाच नाही, फक्त एका बाजूच्या माथी मारला गेला.

युरोपात प्रवास हा मुद्दाच नाही. तिथे थकव्याचं कारण देतात. तर हिशोब मांडू. 2024-25 पासून चॅम्पियन्स लीगमध्ये 36 संघ, प्रत्येकाचे साखळीत 8 सामने. पहिले आठ थेट अंतिम 16 मध्ये, नववा ते चोविसावा संघ प्लेऑफमध्ये. साखळीचे 144 सामने आणि प्लेऑफपासून अंतिम सामन्यापर्यंत 45, असे एकूण 189. उपांत्यपूर्व आणि उपांत्य फेरी एकेका सामन्याची केली तर सगळ्या स्पर्धेतून वाचतात सहा सामने, आणि अंतिम फेरी गाठणाऱ्या संघाचे दोन. पॅरिस सेंट-जर्मेन 2025 मध्ये प्लेऑफच्या वाटेने आलं म्हणून त्यांना विजेतेपदासाठी 17 सामने खेळावे लागले. ते संपल्यावर पंधरवड्यात हाच संघ अमेरिकेत 32 संघांच्या क्लब विश्वचषकाला गेला आणि तिथे आणखी सात सामने खेळला. खेळाडूंच्या पायांची काळजी असेल तर कात्री कुठे लावायची हे उघड आहे. साखळी सहा सामन्यांवरून आठवर नेताना कुणाला थकवा आठवला नव्हता.

अवे गोलबद्दल अजून हळहळणारे बरेच आहेत, म्हणून तिथे जरा थांबायला हवं. तो नियम कशावरचा उतारा होता, हे आज विसरलं गेलंय. 24 मार्च 1965 ला युरोपियन कपच्या उपांत्यपूर्व फेरीत लिव्हरपूल आणि कोलोन तिसऱ्यांदा भिडले, रॉटरडॅममध्ये. आधीचे दोन्ही सामने 0-0, हा तिसरा 2-2. पेनल्टी शूटआउट तेव्हा नव्हतं. पंचांनी एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला पांढरी असलेली चकती उडवली. ती चिखलात कडेवर उभीच रुतली. पुन्हा उडवली, लाल बाजू वर आली, लिव्हरपूल उपांत्य फेरीत. तीन सामन्यांत 300 मिनिटं खेळून निकाल चकतीवर! पुढच्याच हंगामात कप विनर्स कप या युरोपातल्या दुसऱ्या स्पर्धेत अवे गोल आला आणि दोन वर्षांनी युरोपियन कपमध्ये. शूटआउट 1970-71 मध्ये आलं.

त्या काळात परक्या मैदानावर गोल करणं खरंच कठीण होतं. रात्रभर गाडीने प्रवास, अनोळखी चेंडू, कधी चिखल तर कधी बर्फ, आणि यजमानांकडे झुकणारे पंच. जून 2021 मध्ये हा नियम रद्द करताना युएफाने स्वतःचे आकडे दिले: सत्तरच्या दशकाच्या मध्यावर यजमान 61 टक्के सामने जिंकत आणि पाहुणे 19 टक्के, आता ते प्रमाण 47 आणि 30 वर आलं होतं. यजमानांचे सामन्यामागे सरासरी गोल 2.02 वरून 1.58 वर उतरले, पाहुण्यांचे 0.95 वरून 1.15 वर चढले. रोग ओसरला होता आणि औषध चालूच होतं. त्याचा दुष्परिणाम म्हणजे पहिल्या सामन्यातले यजमान दार लावून बसायचे. घरी 1-1 पेक्षा 0-0 बरा असं गणित असलं की प्रशिक्षक दोन्ही बगलांच्या बचावपटूंना पुढे जाऊच देत नाही.

नियमाचा हास्यास्पद टोकाचा नमुना 2003 चा. एसी मिलान आणि इंटर यांची उपांत्य लढत. दोघांचं मैदान एकच, सान सिरो. पहिला सामना 0-0, दुसरा 1-1. दुसऱ्या सामन्यात कागदोपत्री पाहुणे असलेले मिलान 'परक्या' मैदानावरच्या गोलमुळे अंतिम फेरीत गेले. 2021 मध्ये तर कोविडच्या निर्बंधांमुळे लिव्हरपूल-लाइपझिग आणि सिटी-ग्लाडबाख या लढतींचे दोन्ही टप्पे बुडापेस्टमधल्या एकाच स्टेडियममध्ये झाले आणि तिथेही अवे गोल लागू होता. सुदैवाने दोन्ही लढतींचे निकाल स्पष्ट लागले.

या नियमाने नाट्यही दिलं, नाही असं नाही. मार्च 2017 मध्ये पॅरिसकडून 0-4 ने हरलेली बार्सिलोना घरी 3-0 ने पुढे असताना पॅरिसच्या कवानीने एक गोल केला आणि तिची गरज एकदम सहा गोलांवर गेली. 88 व्या मिनिटापासून पुढे तीन गोल आले. आजच्या नियमाने पाचव्या गोलवर बरोबरी होऊन जादा वेळ लागला असता. ती रात्र अजून सांगितली जाते, पण एका अचाट रात्रीसाठी शंभर भित्र्या रात्री सोसायच्या का? नियम गेला तरी परतीच्या सामन्याची चव गेलेली नाही. इंटर आणि बार्सिलोना यांनी 2025 च्या उपांत्य फेरीत दोन सामन्यांत मिळून 13 गोल केले.

आता अर्धवट राहिलेल्या कामाकडे.

दोन टप्प्यांच्या लढतीचा सगळा न्याय एका समतोलावर उभा आहे: तुझ्या घरी 90 मिनिटं, माझ्या घरी 90 मिनिटं. जादा वेळ आला की दुसरा सामना ज्याच्या घरी, त्याला घरच्या मैदानावर 120 मिनिटं मिळतात आणि समोरच्याला 90 च. अवे गोल होता तेव्हा या अन्यायाची थोडी भरपाई व्हायची, कारण जादा वेळेतला पाहुण्यांचा गोलही जड मोजला जायचा. नियम काढला, भरपाई गेली, अर्धा तास राहिला. चॅम्पियन्स लीगमध्ये साखळीत वर आलेल्या संघाला दुसरा टप्पा घरी मिळतो, आणि 2025-26 पासून ही सवलत उपांत्यपूर्व व उपांत्य फेरीपर्यंत वाढवली आहे. म्हणजे ज्याच्याकडे आधीच जास्त आहे त्यालाच हा अर्धा तास मिळण्याची शक्यता अधिक.

बोडोची गोष्ट वर अर्धीच सोडली होती. 17 एप्रिलला रोममध्ये परतीचा सामना झाला. लाझिओने एक गोल फेडला आणि भरपाई वेळेत दुसरा, एकूण 2-2. आता जादा वेळ, रोममध्येच, चेकाळलेल्या ओलिम्पिको स्टेडियममध्ये. 99 व्या मिनिटाला लाझिओचा तिसरा. 109 व्या मिनिटाला बोडोने एक परत केला, एकूण 3-3. जुन्या नियमाने बोडो तिथेच जिंकलं असतं. नव्या नियमाने शूटआउट लागलं आणि ते बोडोने 3-2 ने घेतलं. निकाल बोडोचाच लागला म्हणून तक्रार झाली नाही. पण घरी दोन गोलांनी जिंकलेल्या संघाने बाहेर जाऊन 90 ऐवजी 120 मिनिटं का काढायची, याचं उत्तर नियमपुस्तिकेत नाही. सुरुवातीला सांगितलेल्या ग्वांगजूचा तिसरा गोलही अशाच घरच्या जादा अर्ध्या तासातला. तो विजय गोड होता, पण कोबेला तसा अर्धा तास आपल्या गावात मिळाला नव्हता.

पर्याय नवा शोधायचा नाही. दक्षिण अमेरिकेत कोपा लिबर्तादोरेस या खंडीय क्लब स्पर्धेच्या बाद फेरीत वर्षानुवर्षं हेच चाललंय: दोन टप्पे, बरोबरी झाली की थेट पेनल्टी. जादा वेळ फक्त अंतिम सामन्यात. अवे गोलही त्यांनी 2022 पासून काढला. आणि घर-बाहेरचा फरक बघायचा तर त्यांच्याइतका दुसरीकडे नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये उपांत्य फेरीत ब्राझीलचे पालमेरास समुद्रसपाटीपासून सुमारे 2,850 मीटरवरच्या, इक्वेडोरमधल्या किटोला गेले. एवढ्या उंचीवर हवा विरळ, चेंडू अपेक्षेपेक्षा वेगाने जातो, खालून आलेल्या खेळाडूला दम लवकर लागतो. तिथे ते एलडीयू किटोकडून 0-3 ने हरले. आठवड्याने साओ पाउलोत पालमेरासने 4-0 ने उलथवलं. एकच सामना किटोत घेतला असता तर निकाल एक, साओ पाउलोत घेतला असता तर दुसरा. दोन्ही घेतले म्हणून लढत पूर्ण झाली. युएफाला तर परदेशी उदाहरणाचीही गरज नाही. 2023 पासून त्यांच्या स्वतःच्या सुपर कपमध्ये 90 मिनिटांनंतर थेट शूटआउट होतं.

आक्षेप येणार तो शूटआउटवर. पेनल्टी म्हणजे लॉटरी, फुटबॉल नव्हे, असं म्हणण्याची फॅशन आहे. लॉटरी ती रॉटरडॅमची चकती होती. पेनल्टीत 11 मीटरवरून मारायचं कौशल्य लागतं, पाच जणांचा क्रम ठरवावा लागतो, गोलरक्षकाला समोरच्या प्रत्येकाची सवय पाठ करावी लागते. पंच दोन वेळा नाणं उडवतात: एकदा कोणत्या टोकाच्या गोलात मारायचं यासाठी, एकदा पहिलं कोण मारणार हे नाणेफेक जिंकणाऱ्याने ठरवण्यासाठी. पहिली नाणेफेक महत्त्वाची, कारण एका टोकाला यजमानांचे कट्टर पाठीराखे असतात. तरीही घर म्हणजे हमखास विजय नाही. मार्च 2025 मध्ये साखळीत पहिलं आलेलं लिव्हरपूल अॅनफिल्डवरच पॅरिसकडून पेनल्टीत 1-4 ने हरलं. पॅरिसचा गोलरक्षक दोनारुम्माने लिव्हरपूलच्या नुन्येझ आणि जोन्सचे फटके अडवले. दुसऱ्याच दिवशी अॅटलेटिको माद्रिद आपल्या मैदानावर रेआलकडून 2-4 ने हरलं.

त्या अॅटलेटिकोच्या सामन्यात जे घडलं ते मात्र नियमाची फट दाखवणारं होतं. हुलियान आल्वारेझने चेंडू मारताना त्याचा टेकूचा डावा पाय घसरला, उजवा पाय चेंडूला लागण्याच्या क्षणभर आधी डाव्याचा ओझरता स्पर्श झाला. चेंडू जाळ्यात गेला. व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या पंचांनी, दुहेरी स्पर्श पकडला आणि फटका चुकल्यासारखा धरला. नियम तसाच लिहिलेला होता, पंचांचा दोष नव्हता. जूनमध्ये नियम ठरवणाऱ्या मंडळाने खुलासा काढला: दुहेरी स्पर्श अनवधानाने झाला आणि गोल झाला, तर फटका पुन्हा घ्यायचा. शूटआउटची दुरुस्ती अशी होते, एका ओळीत. ते सुधारता येतं, तीस मिनिटांचा कल सुधारता येत नाही.

जादा वेळ काढल्याने गमावणार काय, हेही सांगायला हवं. इंटर-बार्सिलोना लढतीत इंटरच्या अचेर्बीने 93 व्या मिनिटाला बरोबरी साधली आणि त्यांच्याच फ्रात्तेसीने 99 व्या मिनिटाला निर्णायक गोल केला. तो गोल पाहिलेल्याला ही सूचना रुचणार नाही. पण असा जादा वेळ विरळा. एरवी पायात गोळे आलेले 22 जण, सहावी बदली खेळवण्यासाठी घड्याळाकडे बघणारे प्रशिक्षक आणि शूटआउटची वाट पाहत मागे मागे सरकलेले दोन संघ, असंच दृश्य असतं. आपल्याकडे हिवाळ्यात रात्री दीडला सुरू होणारा सामना असा पहाटे चारच्या पुढे जातो. ते आपलं दुखणं, त्यावरून युरोपने नियम बदलावेत असं नाही.

आपल्याकडचा खरा संबंध वेगळा आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये एएफसी चॅम्पियन्स लीग टू या आशियाच्या दुसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेत, गटात अल-नस्र मडगावच्या फातोर्डा मैदानावर एफसी गोवाशी खेळायला आलं. रोनाल्डो आला नाही, गोवा 1-2 ने हरलं, पण सामना गोव्यात झाला. 2023 मध्ये अल-हिलाल मुंबई सिटीशी खेळायला नवी मुंबईत आलं ते याच घर-बाहेर पद्धतीने. बाद फेरीत भारतीय क्लब फार पुढे क्वचितच गेले आहेत, उदाहरणार्थ गोव्याचा डेम्पो 2008 मध्ये एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत, बेंगळुरू एफसी 2016 मध्ये अंतिम फेरीत. बेंगळुरूने उपांत्य फेरीत मलेशियाच्या जोहोरला त्यांच्या घरी 1-1 असं रोखलं आणि आपल्या कंठीरवा मैदानावर 3-1 ने काढलं. उद्या एखादा भारतीय क्लब एलिटच्या शेवटच्या आठांत गेला, तर आजच्या नियमाने तो सामना भारतात होणारच नाही.

अंतिम सामन्यापुरता एकच सामना असावा, हे युरोपात रुजलंय आणि तिथे ते ठीकच आहे. आशियात मात्र दोन टप्प्यांची अंतिम फेरीही अगदी कालपर्यंत उत्तम चालत होती. 2023 मध्ये अल-हिलालने रियाधमध्ये 1-1 बरोबरी केली, आठवड्याने जपानमधल्या साइतामात उरावाने 1-0 ने कप घेतला. पुढच्या वर्षी योकोहामात 1-2 ने हरलेल्या अमिरातीच्या अल-ऐनने घरी एफ. मारिनोसला 5-1 ने हरवलं. दोन्ही वर्षी खंडाच्या दोन्ही टोकांच्या शहरांना अंतिम सामना पाहायला मिळाला. विमानाच्या फेऱ्या मोजल्या तर प्रत्येक क्लबची एक.